ग्रीकचा मोठा कोश, एलएसजे: पीएचडीच्या पाचव्या वर्षात लिहिलेला रिव्ह्यू

ग्रीक-लॅटिनमध्ये पीएचडीला ॲडमिशन मिळाली की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न पडतो, एलएसजे विकत घ्यायचा का मोबाईलवर भागवायचं. मलाही पडला होता आणि नीट उत्तर कुणीच दिलं नाही, सगळे म्हणायचे घेऊन ठेव, कधी ना कधी लागतोच. आता माझं पाचवं वर्ष चालू आहे, थिसिसचे तीन चॅप्टर लिहून झालेत आणि हा कोश मी जवळजवळ रोज उघडते, म्हणून म्हटलं आपणच सविस्तर लिहावं.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. एलएसजे म्हणजे लिडेल, स्कॉट आणि जोन्स. प्राचीन ग्रीकचा इंग्रजीतला सगळ्यात मोठा मान असलेला कोश. फ्रान्झ पासोव्ह या जर्मन पंडिताच्या कोशाचा आधार घेऊन हेन्री लिडेल आणि रॉबर्ट स्कॉट यांनी ऑक्सफर्डला काम सुरू केलं आणि १८४३ ला पहिली आवृत्ती आली. लिडेल म्हणजे गोष्टीतली ॲलिस जिच्यावरून आली त्या मुलीचे वडील. आठवी आवृत्ती १८९७ ला निघाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं माणूस एकाच पुस्तकाच्या दुरुस्त्या करत होता. आज आपण वापरतो ती नववी, हेन्री स्टुअर्ट जोन्स आणि रॉडरिक मकेन्झी यांनी केलेली, १९२५ पासून तुकड्यातुकड्याने छापत १९४० ला पुरी झाली. जोन्स १९३९ ला वारले, त्यांना ती पूर्ण झालेली बघायला मिळाली नाही. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

माझी कॉपी सेकंड हँड. ऑनलाईन एका विक्रेत्याकडून घेतली, जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं 'पुरवणीसह', आणि खोकं उघडलं तर पुरवणी नाही. मागे 'भर आणि शुद्धिपत्र' अशी थोडी पानं होती, १९४० च्या छपाईतच असतात ती, त्यालाच तो पुरवणी समजला होता. मेल केला, उत्तर आलं नाही, परत मेल केला, तरी नाही. खरी पुरवणी पहिल्यांदा १९६८ ला आली आणि सुधारून वाढवलेली १९९६ ला, आणि पीएचडीसाठी ही १९९६ ची हातात असणं गरजेचं आहे कारण १९४० नंतर केवढे शिलालेख आणि पपायरस सापडलेत, शिवाय लिनियर बी ही लिपी १९५२ ला वाचता आली, म्हणजे मूळ कोश छापला तेव्हा होमरच्या कित्येक शतकं आधीचं ग्रीक कुणाला वाचताच येत नव्हतं. ते मायसीनियन, म्हणजे लिनियर बीतले, शब्द फक्त १९९६ च्या पुरवणीत आहेत. मला ती नंतर वेगळी विकत घ्यावी लागली.

पण त्या जुन्या कॉपीत एक गोष्ट होती. आधीच्या मालकाने प्रत्येक पाहिलेल्या शब्दासमोर पेन्सिलीने बारीक टिंब दिलंय. काही शब्दांना एक, काहींना चार-पाच, आणि 'ऑइडा' म्हणजे 'मला माहीत आहे' या क्रियापदासमोर टिंबांची अख्खी रांग आहे, इतक्या वेळा तो किंवा ती ते रूप विसरली असणार. मीही टिंबं द्यायला लागले. दोघांची टिंबं एका शब्दावर आली की बरं वाटतं, आपण एकटेच अडलेलो नाही.

आता वापराबद्दल. पुस्तक जड आहे, खूप जड, दोन हजारांवर पानं, कागद पातळ, मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात आणि दोन कॉलममध्ये बारीक फॉन्ट ठासून भरलेला. टेबलावर कायमची जागा द्यावी लागते, मांडीवर घेऊन वाचायचा हा प्रकार नाही. आणि संक्षेप! सुरुवातीचे सहा महिने मला अर्थापेक्षा संक्षेपांनीच जास्त त्रास दिला. नुसतं 'ए' म्हणजे एस्किलस, नुसतं 'एस' म्हणजे सोफोक्लीज, 'एआर' म्हणजे विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीस पण 'ॲरिस्ट' म्हणजे ॲरिस्टॉटल. मी एकदा सेमिनारमध्ये एका विनोदी नाटकातली ओळ ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितली होती, समोर बसलेल्या सरांनी शांतपणे कोशाची पहिली पानं उघडून संक्षेपांची यादी दाखवली. ती यादी कोशाच्या सुरुवातीलाच आहे, झेरॉक्स काढून भिंतीवर लावा, आजच लावा.

दुसरी अडचण क्रियापदांची. ग्रीक क्रियापद वाक्यात ज्या रूपात भेटतं त्या रूपात कोशात सापडेलच असं नाही. 'फेरो' म्हणजे मी वाहून नेतो, पण भविष्यकाळात 'ऑइसो' आणि भूतकाळात 'एनेंका', तीन वेगळे धातू एका क्रियापदात नांदतात. मला वाटतं मराठी माणसाला हे समजायला उलट सोपं जावं, आपण 'जातो' म्हणतो पण 'गेला' म्हणतो, 'येतो' म्हणतो पण 'आला' म्हणतो, कधी अडतो का? ज्यांचं संस्कृत झालंय त्यांना तर 'फेरो' बघून 'भरामि' आठवेलच, आणि 'एफेरॉन' (मी वाहून नेत होतो) याच्या सुरुवातीचा तो 'ए' म्हणजे 'अभरम्'मधला 'अ', भूतकाळाचा आगम, तोच. एवढं कळलं की कोशात शब्द शोधताना आधी तो सुरुवातीचा 'ए' काढून टाकायची सवय लागते. एलएसजेमध्ये प्रत्येक क्रियापदाच्या सुरुवातीला ही सगळी रूपं दिलेली असतात, कुठल्या बोलीत कुठलं, कुठल्या लेखकात पहिल्यांदा, आणि हा भाग नवीन मुलं सरळ ओलांडून अर्थाकडे जातात. नका जाऊ. न वाचलेल्या उताऱ्याच्या परीक्षेत मला ज्या रूपांनी वाचवलं ती सगळी तिथलीच होती.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

पहिल्या वर्षी मी कोश असा वापरायचे: शब्द अडला, कोश उघडला, पहिला अर्थ उचलला, समासात लिहिला, पुढे. माझ्या गाईड मॅडमनी माझी होमरची कॉपी एकदा हातात घेतली, दोन पानं चाळली आणि म्हणाल्या, "अगं, हे कोशात काय आहे ते झालं, या ओळीत काय आहे ते कुठंय?" मला तेव्हा ते टोचलं. कळलं मात्र खूप उशिरा, थिसिसचा शब्द हातात घेतल्यावर.

माझा शब्द 'कोस्मोस'. हा तुम्हाला माहितीय, कॉस्मिक म्हणतो तो आणि कॉस्मेटिक म्हणतो तोही, दोन्ही इथूनच आलेत, आणि विश्व आणि लिपस्टिक एकाच शब्दातून कसे निघाले हे एलएसजेची ती एक एंट्री शांतपणे वाचली की दिसायला लागतं. पहिला गट: क्रम, शिस्त, नीटनेटकेपणा. मग घडण, रचना. दुसरा गट: दागिना, सजावट. होमरच्या इलियडच्या चौदाव्या सर्गात हेरा देवी नवऱ्याला, झ्यूसला, भुलवायला नटते तो सगळा साज म्हणजे कोस्मोस. चौथ्या सर्गात जखमी ग्रीक राजा मेनेलाओसच्या मांडीवरून रक्त ओघळतं तेव्हा कवी म्हणतो, कुणी बाईने हस्तिदंत जांभळ्या रंगात रंगवावा तसं, आणि तो हस्तिदंत घोड्याच्या गालावरचा, राजाच्या खोलीत ठेवलेला, घोड्याला कोस्मोस आणि सारथ्याला कीर्ती. जखमेचं वर्णन चाललंय आणि शब्द दागिन्याचा. तिसरा गट वेगळाच: क्रीट बेटावरच्या अधिकाऱ्यांना कोस्मोस म्हणायचे, ॲरिस्टॉटलने त्यांच्याबद्दल लिहिलंय, आणि तिथल्या ड्रेरोस गावी इ. स. पू. सातव्या शतकातला दगडावर कोरलेला कायदा सापडलाय की एकदा कोस्मोस झालेल्या माणसाने दहा वर्षं परत कोस्मोस व्हायचं नाही. आणि शेवटी चौथा गट, तत्त्वज्ञांचा: विश्वाची व्यवस्था, विश्व.

एका एंट्रीत हा सगळा प्रवास आहे आणि प्रत्येक पायरीला कुठल्या ग्रंथात, कुठल्या ओळीत ते दिलंय. एलएसजेचं खरं मोल इथे आहे. इंग्रजी अर्थ कुठलाही कोश देईल. ओळींचे पत्ते देणारा कोश हवा.

पण पुढे ऐका. ओडिसीच्या आठव्या सर्गात ओडिसिअस परक्या राजाच्या दरबारात बसलाय, अजून नाव सांगितलेलं नाही, आणि आंधळा गायक डेमोडोकोस गातोय. ओडिसिअस त्याला म्हणतो, तू ग्रीकांचं दुःख फार 'काता कोस्मोन' गातोस, म्हणजे अगदी जसं घडलं तसं, यथाक्रम. ती ओळ ४८९. आणि ४९२ व्या ओळीत, म्हणजे श्वासही पुरता संपायच्या आत, म्हणतो, आता विषय बदल आणि ट्रॉयच्या त्या लाकडी घोड्याचा 'कोस्मोस' गा. कोशात दुसरा कोस्मोस 'घडण' या पोटअर्थाखाली, पहिला 'क्रम' या अर्थाचा, दोन वेगळ्या कप्प्यांत. पण गाणं ऐकणाऱ्याच्या कानाला कप्पे कुठे असतात? त्याने चार ओळींत एकच शब्द दोनदा ऐकला. गाण्याची बांधणी आणि घोड्याची बांधणी कवीने एका शब्दाने जोडून ठेवलीय, सुतार आणि गायक शेजारी आणून बसवलेत, आणि कोशाने त्याच्या कामाच्या सोयीसाठी ते सोडवून वेगळे केले. यात कोशाचा दोष नाही, कोशाला कप्पे करावेच लागतात. पण जोडायचं काम आपलं आहे आणि माझ्या मते या विषयात पीएचडी म्हणजे बहुतेक हेच काम. माझा दुसरा चॅप्टर पूर्ण त्या चार ओळींवर आहे, आणि तो सुचला कोशातले दोन पत्ते शेजारी शेजारी कागदावर लिहिल्यामुळे. ४८९, ४९२. आकडे बघितले आणि अंगावर काटा आला.

म्हणून नवीन मुलांना माझं सांगणं आहे, अर्थ वाचून थांबू नका, दिलेल्या ओळींपैकी निदान दोन-तीन उघडून मुळात बघा. वेळ जातो, एका शब्दाला अर्धा तास जातो, चालतंय.

आता तक्रारी. भाषा जुनी आहे, इंग्रजी अर्थच मुळात एकोणिसाव्या शतकातले, त्यामुळे कधी कधी ग्रीक शब्दासाठी इंग्रजी अर्थ पाहावा आणि मग त्या इंग्रजी शब्दासाठी दुसरा कोश उघडावा लागतो. ज्यांची इंग्रजी दुसरी भाषा आहे त्यांना हा दुहेरी बोजा पडतो आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आणि अश्लील शब्द! ॲरिस्टोफेनीसच्या नाटकांत शिव्या आणि शरीराचे शब्द ठिकठिकाणी येतात, आणि तिथे कोश एकतर गुळमुळीत काहीतरी सांगतो किंवा अर्थ चक्क लॅटिनमध्ये देतो, म्हणजे ज्याला लॅटिन येतं त्यालाच कळावं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कवीने जो शब्द चारचौघांत, हजारो लोकांसमोर वापरला तो वाचकापासून लपवायचा कोशाला हक्क नाही.

या बाबतीत नवा केंब्रिजचा ग्रीक कोश खूपच चांगला आहे, २०२१ ला आला, दोन खंड, जेम्स डिगल आणि त्यांच्या टीमने २३ वर्षं घालवली. कल्पना जॉन चॅडविक यांची, लिनियर बी वाचणाऱ्या मायकेल व्हेंट्रिसला ज्यांनी त्या कामात साथ दिली तेच. सुरुवातीला एक जुना छोटा कोश नुसता दुरुस्त करायचा बेत होता, मग कळलं की असं भागणार नाही, आणि त्यांनी मूळ ग्रंथ पहिल्यापासून पुन्हा वाचून अर्थ लिहिले. भाषा आजची, शिव्यांना शिव्याच, आणि अर्थांची मांडणी इतकी स्वच्छ की वाचत बसावंसं वाटतं. सेमिनारच्या तयारीला मी आधी हाच उघडते. पण त्यात ओळींचे पत्ते नाहीत, फक्त लेखकाचं नाव, आणि मर्यादा साधारण होमरपासून प्लुटार्कपर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे माझ्या ४८९-४९२ सारखी गोष्ट त्यातून सापडणार नाही. थिसिस लिहिणाऱ्याला दोन्ही लागतात, एक विकत घ्यायचा तर एलएसजे घ्या आणि दुसरा लायब्ररीत वापरा. उशिराच्या काळातले लेखक असतील तर मोंतानारींचा कोश बघा, मूळ इटालियन, इंग्रजीत २०१५ ला आला, आणि विषय चर्चच्या धर्मपित्यांचा, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांचा, असेल तर लॅम्पे यांचा वेगळा कोशच आहे, एलएसजेने तो भाग जाणूनबुजून बाहेर ठेवलाय.

फुकटचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. पर्सियस या वेबसाईटवर एलएसजे पूर्ण आहे आणि लोगेइऑन हे शिकागो विद्यापीठाचं, वेबसाईट आणि ॲप दोन्ही, मी दिवसातून पन्नास वेळा तरी वापरत असेन. शब्दाचं कुठलंही रूप टाका, मूळ शब्दाशी नेतं, एलएसजे, होमरचा वेगळा कोश, पिंडार या कवीचा वेगळा कोश, स्पॅनिश कोश (तो अजून पूर्ण नाही, पण आहे तेवढा फार बारकाईने केलेला), सगळे एका पानावर, शिवाय तो शब्द कुठल्या लेखकात किती येतो आणि शेजारी कुठले शब्द येतात हेही दाखवतं. हे सगळं लोकांनी मेहनतीने करून मोफत ठेवलंय याबद्दल मला खरंच कृतज्ञता वाटते. ज्यांच्या विद्यापीठात धड लायब्ररी नाही त्यांचं शिक्षण यावर उभं आहे.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फुकट मिळतो तो १९४० चा मजकूर, पुरवणी त्यात नाही. थिसिसमध्ये 'हा शब्द अमुक आधी आढळत नाही' असं वाक्य लिहिण्याआधी पुरवणी बघा आणि मग टीएलजीवर सर्च करा. टीएलजी म्हणजे १९७२ ला अर्व्हाईनच्या विद्यापीठात सुरू झालेला ग्रीक ग्रंथांचा डिजिटल साठा, होमरपासून १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंतचा, त्याला बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचं लॉगिन लागतं. दोन, मोबाईलवर मोठी एंट्री वाचताना आपण सरकवत सरकवत हवा तो अर्थ दिसला की थांबतो. छापील पानावर अख्खी एंट्री डोळ्यासमोर असते, कुठला अर्थ आधी, कुठला कुठून फुटला हे एका नजरेत येतं. माझ्या बाबतीत तरी जे काही सुचलं ते कागदावरच सुचलं.

लॅटिनचं थोडक्यात. ऑक्सफर्ड लॅटिन डिक्शनरी, १९६८ ते १९८२ दरम्यान आलेली, साधारण इसवी सन २०० पर्यंतच्या भाषेला उत्तम. त्यानंतरच्या लॅटिनसाठी १८७९ चा लुईस आणि शॉर्ट अजून हाताशी ठेवावाच लागतो. आणि म्युनिकचा थिसॉरस, म्हणजे लॅटिनचा सगळ्यात मोठा कोश, १८९४ ला सुरू झालेला आणि अजून पूर्ण न झालेला, सगळी स्पष्टीकरणं लॅटिनमध्येच. त्याच्या पीडीएफ आता फुकट मिळतात. तुमचा शब्द छापून झालेल्या अक्षरांत येत असेल तर थिसिसमध्ये तो न बघता काही लिहू नका, परीक्षक पहिला तोच बघतात.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या लॅटिनमध्ये लपवलेल्या शब्दांचा कापला. सेकंड हँड घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागा: छपाईचं वर्ष असलेलं पान आणि पुस्तकाचं अगदी शेवटचं पान. १९९६ किंवा नंतरची छपाई असेल तर मागे पुरवणीला स्वतःचे वेगळे पान-क्रमांक असतात, परत १ पासून सुरू होणारे. ते दिसले तरच घ्या. आणि आत कुणाची पेन्सिलीची टिंबं असतील तर खोडू नका.